सगळ्यालाच बटर पेपर म्हणतात

आईने वाढदिवस मागितला तो एका मंगळवारी सकाळी. मी शर्टाची बटणं लावत होतो आणि बायको डबा भरत होती. आदल्या दिवशी आई शेजारच्या घरी त्यांच्या नातीच्या पहिल्या वाढदिवसाला जाऊन आली होती. तिथे तिने केक खाल्ला, टोपी घातली, टाळ्या वाजवल्या. रात्रभर ते तिच्या डोक्यात घोळलं असावं.

"माझो वाढदिवस कधी असता रे?" तिने विचारलं.

"आई, ते तुला माहीत पाहिजे ना."

"माका काय म्हायत? मी तेव्हा ल्हान होतंय."

बायकोच्या हातातली आमटी डब्याच्या बाहेर गेली, इतकी ती हसली. आईच्या आधार कार्डावर एक जानेवारी आहे, तिच्या वयाच्या बऱ्याच जणांच्या कार्डावर असते तशी. मी ती तारीख सांगितली, तर आई म्हणाली, "ता सरकारचा. माझा खरा सांग."

खरी तारीख कोणालाच माहीत नव्हती. मालवणजवळच्या तिच्या गावात ती जन्मली तेव्हा भाताची लावणी चालली होती, एवढंच तिला सांगितलेलं. त्यानंतर लग्न होऊन ती गिरणगावात आली, बाबांची गिरणी बंद पडली, आम्ही चारकोपच्या सेक्टरमध्ये राहायला आलो, मी मोठा झालो, बाबा गेले. या सगळ्यात तिचा वाढदिवस कोणी केला नव्हता. मला एकदम लाज वाटली. माझा दरवर्षी व्हायचा. शिरा, औक्षण, नवीन शर्ट. तिचा का नाही, हे मी पंचावन्न वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

"मग तूच ठरव," मी म्हटलं.

तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं, बराच वेळ बोट फिरवलं आणि पुढच्या महिन्यातल्या शेवटच्या रविवारवर ठेवलं. "ह्यो आयतवार. आणि केक व्हयो. घरात केलेलो. वरती ता पांढरा फेसासारखा नको, दाताक चिकटता."

"मी करतो," मी म्हणालो.

बायको आणि आई दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. मी तोपर्यंत आयुष्यात चहा आणि ऑम्लेट यापलीकडे गेलो नव्हतो.

आमच्याकडे ओव्हन होता. बायकोने हौसेने घेतलेला ओटीजी, ज्यात गेली काही वर्षं प्लास्टिकच्या पिशव्या राहत होत्या. पिशव्या बाहेर काढल्या. बायको दिंडोशीच्या कोर्टात लिपिक आहे. तिथली तिची एक मैत्रीण बोरिवलीच्या जुन्या गावठाणातली, घरी मराठी बोलणाऱ्या ख्रिश्चन कुटुंबातली. तिने रव्या-नारळाच्या केकची कृती लिहून पाठवली. त्यांच्याकडे तो नाताळात करतात. क्रीम नाही, फेस नाही. आईला चालणारा. मी नॉन-स्टिक डबा आणला, काळा, गुळगुळीत, आणि पहिल्याच रविवारी कामाला लागलो.

कृतीत शेवटी लिहिलं होतं, "डब्याला कागद लावून घ्या." मी ते वाचलं आणि सोडून दिलं. डब्यावरच नॉन-स्टिक लिहिलेलं आहे, मग कागद कशाला? केक फुगला, वर सोनेरी झाला, घरभर वास सुटला. मी डबा ताटात उपडा केला. काही झालं नाही. थोपटला. काही नाही. बुक्की मारली. वरचा अर्धा केक ताटात पडला आणि खालचा अर्धा डब्यातच राहिला, जणू त्यांचं आधीच ठरलेलं होतं.

"अर्धो केक डब्यातच रवलो," आईने वाकून बघत जाहीर केलं.

मी स्टीलचं उलथणं घालून खरवडायला गेलो तशी बायको ओरडली, "अरे, कोटिंग! वाट लावशील त्याची!" लावलीच मी. डब्याच्या तळाला एक लांबलचक ओरखडा पडला आणि नवीन डबा आणावा लागला. पण चव झकास होती. आम्ही तिघं चमचे घेऊन डब्याभोवती बसलो आणि डबा स्वच्छ केला.

कागद लावायला हवा होता, हे आता मान्यच होतं. आणि कागद म्हटल्यावर माझी छाती फुगली. मी चारकोपच्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये खोकी बनवणाऱ्या युनिटमध्ये काम करतो. मिठाईची खोकी, औषधांची खोकी, केकचीही खोकी. अठ्ठावीस वर्षं. कागद दोन बोटांत धरून चोळला की मी त्याची जाडी सांगतो, आणि नवीन पोरं मापून बघतात तर तेवढीच निघते. युनिटमध्ये त्यासाठी माझी थोडी ख्याती आहे. म्हणून मी बायकोला म्हणालो, "कागदाचं तू माझ्यावर सोड. कागद हा माझा विषय आहे."

स्टेशनजवळच्या पॅकिंगच्या दुकानात गेलो. "बटर पेपर द्या," म्हटलं. दुकानदाराने गुंडाळी पुढे केली. मी बोटांत चोळला. पातळ, गुळगुळीत, एकसारखा. पाण्याचा थेंब टाकून बघितला, तर थेंब मोत्यासारखा वर बसून राहिला. उत्तम माल. पुढच्या रविवारी डब्याला नीट कागद लावला. कडेने चांगला बोटभर बाहेर ठेवला, म्हणजे केक उचलायला सोपं. मिश्रण ओतलं, ओव्हन एकशेऐंशीवर, डबा आत.

दहा मिनिटांनी घरात मोठी पूजा चालली आहे असा वास येऊ लागला. आणखी पाच मिनिटांनी ओव्हनच्या फटीतून धूर निघाला. बायकोने धावत जाऊन खिडक्या उघडल्या, मी बटण बंद केलं, आई खुर्चीत बसूनच नाक वर करून हुंगत राहिली.

"मेणबत्तीचो वास येता," ती म्हणाली. मग थोडा विचार करून, "मेणबत्ती केकाच्या वरती लावतत ना रे? तू आत कित्याक घातलंस?"

कागद मेणाचा होता. मिठाईच्या दुकानांत लाडू, चिक्की बांधायला वापरतात तो. सांगायची लाज वाटते, पण तसा कागद आमच्याच युनिटमध्ये मिठाईच्या खोक्यांत घालायला येतो, रिमच्या रिम. मी त्याची जाडी बरोबर ओळखली होती, फक्त तो काय आहे ते ओळखलं नव्हतं. केकच्या कडेला मेण मुरलं होतं. बायकोने कोर्टातल्या सुरात विचारलं, "आरोपीला आपल्या बचावात काही म्हणायचं आहे?" आरोपीला हसू आवरत नव्हतं. ती पण ओट्याला धरून हसत होती. धुराने आमच्या दोघांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि आम्ही तसेच हसत होतो. तो केक मात्र कोणी खाल्ला नाही.

आता हट्टाला पेटलो. दहा मिनिटांत सामान घरी आणून देणाऱ्या अ‍ॅपवर "बटर पेपर" लिहिलं तर निरनिराळ्या कंपन्यांचे कागद समोर आले, आणि सगळ्यांची नावं बटर पेपर. दोन-तीन मागवले, पण ओव्हनमध्ये घालायचा धीर झाला नाही. वैतागून फॉइल वापरली. धूर नाही, वास नाही, काही नाही. मी खूश. पण फॉइलला मी तूप लावलं नव्हतं, आणि केक तिला असा धरून बसला की सोलताना तिचे तुकडे तुकडे झाले. आईच्या घासात चमचमतं काहीतरी निघालं. तिने ते बोटावर घेऊन उजेडात धरलं. "वर्ख लावलंस?" तिने आनंदाने विचारलं. तिला वाटलं, मी काजूकतलीसारखा वर्ख लावलाय. माझ्या दाढेत चांदी भरलेली आहे. माझ्या घासातली फॉइल त्या दाढेला लागल्याबरोबर असा झटका बसला की मी खुर्चीतून दोन इंच वर उडालो.

मग आईने सूत्रं हातात घेतली. "कागद, कागद काय करतंस? केळीचा पान आण. आमच्या आवशीन धोंडसाक कधी कागद घातलो नाय."

धोंडस म्हणजे काकडी, गूळ आणि रव्याचा आमच्याकडचा केकच म्हणायचा. पातेल्यात पान घालायचं, वर मिश्रण, वर झाकण आणि झाकणावर निखारे. आईने ते इतकं रंगवून सांगितलं की मी लगेच खाली उतरून बाजारातून पान आणलं. तिने ते स्वतः गॅसवर फिरवून मऊ केलं आणि डब्यात बसवलं. बसवताना तिचे हात भराभर चालत होते. पान दुमडायचं कसं, शिरेच्या कोणत्या बाजूने, हे तिने साठ वर्षांत केलं नव्हतं, पण हातांना सगळं आठवत होतं. मी बघत राहिलो. त्या नादात पानाची टोकं कापायला विसरलो.

निखारे झाकणावर असतात. ओटीजीत वरची सळई उघडी असते, लालबुंद. पानाची टोकं वाळली, वळून वर गेली, सळईला टेकली आणि काचेच्या आत एक छोटीशी ज्योत उभी राहिली.

"लागली!" बायको ओरडली.

"दार उघडू नको!" मी ओरडलो आणि प्लग काढला. हवा न मिळाल्याने ज्योत विझली. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचं काम. मी प्लग हातात धरून उभा होतो आणि आई टाळ्या वाजवत होती. तिला वाटलं, वाढदिवसाची रंगीत तालीम आहे.

वरून काळा झालेला तो केक आम्ही कापला. आतून मऊ, ओला, पानाच्या वासाचा. आईने पहिला घास घेतला आणि सावकाश चावला. मग म्हणाली, "आवस आठवली." आवस म्हणजे तिची आई. तिने तुकडा पूर्ण संपवला, बोटं चाटली आणि निकाल दिला, "बरा झाला. पण ह्यो केक नाय. ह्या धोंडस झाला. माका वाढदिवसाक केक व्हयो."

वाढदिवस आठ दिवसांवर आला होता. शेवटी शनिवारी दुपारी बायको मला घेऊन तिच्या मैत्रिणीच्या आईकडे गेली. कृती मुळात या बाईंचीच. बोरिवलीच्या गावठाणात बसकं घर, पुढे ओटा, मागे दोन ओव्हन. सत्तरीच्या बाई, गाऊनवर एप्रन, हाताला मैदा. चाळीस वर्षं केक करून विकतात. मी सोबत प्लास्टिकची फाइल नेली होती. तिच्यात मी तोवर जमवलेल्या सगळ्या कागदांचे नमुने कापून, क्रमांक घालून लावले होते.

"पुरावे आणलेत," बायकोने ओळख करून दिली.

बाईंनी फाइल उघडली, चाळली, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तुम्ही काम काय करता?"

"खोकी बनवतो. कागदाच्याच लाइनमध्ये आहे."

"आणि कागद विचारायला माझ्याकडे आलात?" त्या इतक्या खळखळून हसल्या की आतून त्यांची लेक बघायला बाहेर आली. हसू ओसरल्यावर त्या समजवायला बसल्या. "हे बघा, नावावर जाऊ नका. या मुंबईत सगळ्यालाच बटर पेपर म्हणतात. समोशाखाली ठेवतात तो बटर पेपर, मिठाईतला तो बटर पेपर, नकाशे काढतात तो पण बटर पेपर. तुम्ही काय बघितलं?"

"जाडी. आणि पाण्याचा थेंब."

"पाणी तर मेणावर पण थांबतं. नख लावून बघा."

मी पहिल्या नमुन्यावर नख ओढलं. पांढरी रेघ उठली आणि नखात मेण आलं. अठ्ठावीस वर्षांत मी कागदावर बोट फिरवलं होतं, नख कधी नाही. दुसरा नमुना अ‍ॅपवरून मागवलेला, काचेसारखा पातळ. त्यावर मेण नव्हतं. "हा जळणार नाही लगेच," बाई म्हणाल्या, "पण ओला झाला की केकचाच होऊन जातो. निघता निघत नाही." मग त्यांनी कपाटातून आपली गुंडाळी काढली आणि एक कागद फाडून माझ्या हातात दिला. रेशमासारखा बोटाखालून सरकत होता, आणि नख ओढलं तर काही नाही. दोन्ही बाजूंना सिलिकॉनचा पातळ थर. पाकिटावर स्पष्ट लिहिलेलं, ओव्हनसाठी, आणि किती डिग्रीपर्यंत तेही.

"जे लिहिलेलं नाही, ते ओव्हनमध्ये घालायचं नाही," त्या म्हणाल्या. "पांढरा असो, तपकिरी असो, त्याने काही फरक नाही. आणि कागद कडेच्या बाहेर लोंबत ठेवायचा नाही. वरची सळई कोणाची नसते."

"ते आम्ही बघितलंय," बायको म्हणाली.

फॉइलचं काय, मी विचारलं. फॉइल वाईट नाही, त्या म्हणाल्या, पण ती खाली नको, वर. केक वरून लाल झाला आणि आतून कच्चा असला की सैलसर टोपी घालायची तिची. पण ती सळईला टेकू द्यायची नाही. सिलिकॉनची चटई त्यांच्याकडे होती, नानकटाईसाठी, पण गोल डब्यात ती बसवायची कशी? आणि भाजी झाकायची पारदर्शक क्लिंग तर ओव्हनच्या जवळपास नको, वितळून डब्याला चिकटते. मी हे सगळं फाइलच्या मागे लिहून घेत होतो. त्यांना ते फार आवडलं.

मग त्यांनी गोल कापायला शिकवलं. मी खिशातून कंपास काढला. खरंच नेला होता. त्यांनी तो माझ्या हातातून काढून बाजूला ठेवला. चौकोनी कागद घेतला, अर्धा दुमडला, परत अर्धा, मग विमान करतात तसा निमुळता होईपर्यंत. टोक उपड्या डब्याच्या मधोमध ठेवलं, कडेशी कात्री चालवली आणि उलगडला. गोल. "डब्याला आधी बोटाने जरा लोणी लावा, म्हणजे कागद हलणार नाही," त्या म्हणाल्या. कडेसाठी लांब पट्टी कापून दिली. निघताना त्यांनी तीन कागद गुंडाळून रबर लावून हातात दिले आणि सांगितलं, "आईला माझ्याकडून हॅपी बर्थडे सांगा."

वाढदिवसाच्या रविवारी आई पहाटेच उठली. जांभळं पातळ, केसांत अबोलीचा वळेसर, गळ्यात एकच सोन्याची माळ. स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसली आणि तिथून उठलीच नाही. मी कागद दुमडला. विमान केलं. कापला. उलगडला. थोडा लंबगोल झाला, पण बसला. मिश्रण ओतलं. पस्तीस मिनिटांनी वरून रंग चढला आणि आत सुरी घातली तर ओली निघाली. मी फॉइलची टोपी केली, हलकेच ठेवली, सळईपासून लांब आहे ना ते वाकून तीनदा बघितलं. बायको घड्याळ घेऊन उभी होती. धूर नाही. मेण नाही. ज्योत नाही. फक्त नारळ आणि वेलचीचा वास, जिन्यापर्यंत.

केक बाहेर काढून दहा मिनिटं थांबलो. ती दहा मिनिटं फार मोठी होती. मग ताट डब्यावर ठेवलं, दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि उलटं केलं.

टप्प.

अख्खा. एकदम अख्खा. डबा उचलला तर आत काही नाही, नुसती चमक. मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण बायको म्हणते, युनिटमध्ये ट्रक मागे घेताना ओरडतो तसं ओरडलो. तिने माझ्या पाठीत धपाटा घातला, मी तिला उचलायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही, आणि आम्ही दोघं फ्रिजला धडकलो.

"कागद मी काढतंय," आई म्हणाली.

ती उठून आली. केकच्या वर आता कागदाचं ते लंबगोल टोपडं होतं. तिने एक कड चिमटीत धरली आणि हळूहळू ओढली. कागद सरकत निघाला, कुठेही अडला नाही, एक कणही सोबत नेला नाही. ती मध्येच थांबली, परत थोडा चिकटवला आणि परत काढला. तिला ते फारच आवडलं. "बघ गो, बघ," ती सुनेला म्हणाली, "कसो सुटता!" दोन-तीनदा झाल्यावर सुनेलाही करून बघायचं होतं. मी म्हटलं, आता केक कापूया. कोणी ऐकलं नाही.

मेणबत्ती लावू का, मी विचारलं. "नको," आई म्हणाली, "एकदा झाली ती." तिने सुरी धरली, आम्ही टाळ्या वाजवल्या, बायकोने औक्षण केलं. पहिला घास तिने मला भरवला, दुसरा सुनेला आणि तिसरा स्वतः घेतला. चावत चावत मान हलवली. "ह्यो केक," ती म्हणाली.

तुकडा संपवून तिने तो कागद नळाखाली धुतला. मी म्हटलं, आई, टाकून दे, अजून दोन आहेत. "अजून चांगलो आसा," म्हणत तिने तो फडक्याने पुसला आणि बाल्कनीत दोरीवर माझ्या बनियनच्या शेजारी चिमटा लावून वाळत घातला. समोरच्या बिल्डिंगमधून कोणीतरी हात करून विचारलं, काय आहे ते? आईने कठड्याला टेकून, अख्ख्या सेक्टरला ऐकू जाईल असं सांगितलं, "बटर पेपर! खरो!"

मग तिने उरलेल्या केकचे तुकडे थाळीत लावले, पदर खोचला आणि चप्पल घातली. मी लिफ्टपर्यंत येऊ का, विचारलं तर नको म्हणाली. दार उघडंच होतं. खालच्या मजल्यावर बेल वाजलेली ऐकू आली, आणि मग तिचा आवाज. "आज माझो वाढदिवस. केक माझ्या झिलान केलो. घेवा, घेवा, वरती फेस नाय."

आम्ही दोघं ओट्याशी जमिनीवर बसलो होतो. मध्ये डब्याच्या कडेला लावलेली कागदाची पट्टी पडली होती आणि तिच्यावर दोन-चार कण राहिले होते. बायकोने बोट ओलं करून ते टिपले, अर्धे मला दिले. खाली दुसरी बेल वाजली.